चिनी कैद्यांची बाग

महाबळेश्वरच्या दक्षिण अंगाला, कोयनेच्या खोऱ्याकडे कोसळणारा एक धबधबा आहे. त्याला चायनामन म्हणतात. पावसाळा ओसरला की पुण्याहून गाड्या भरभरून माणसं तिकडे जातात. नावामागची हकिगत सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये, १८८५ च्या खंडात आहे. १८३४ मध्ये महाबळेश्वरला एक तुरुंग बांधला गेला. त्यात सुमारे १२० चिनी आणि मलायी कैद्यांची सोय होती. पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर या कंपनी सरकारच्या वसाहतींतून त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा देऊन इकडे आणलं होतं. तीस वर्षांनी, १८६४ मध्ये, तुरुंग मोडला. ज्यांना बाहेर राहून कमवायचा परवाना मिळाला ते परत गेले नाहीत. डोंगरावरच भाजीपाला पिकवत राहिले आणि तिथेच वारले. प्रामाणिक माणसं होती, लोक त्यांना मान देत आणि काहींनी मागे बायकामुलांना बऱ्या स्थितीत ठेवलं, असंही गॅझेटियर नोंदवतं. धबधब्याच्या आसपास चिनी माणसांच्या बागा होत्या, म्हणून ते नाव.

ही माहिती मी घरी सांगितली आणि मामा नि ताई यांच्यात जी बोलाचाली झाली ती इथे देते आहे. मामा पुण्याच्या कृषी महाविद्यालयात भाजीपाला हा विषय शिकवून निवृत्त झाले. ताई कामगार न्यायालयात वकिली करते. मजकूर एकच, पण मामांना त्यात बागाईतदार दिसले आणि ताईला वेठबिगार.

मामा : मला या माणसांचं मनापासून कौतुक वाटतं. महाबळेश्वरचा पाऊस वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास. खाली जांभा, वर लाल मातीचा पातळ थर, आणि सगळी जमीन उताराची. उघडी टाकली तर एका पावसाळ्यात माती दरीत जाते. तिथे भाजी काढायची तर वाफा किती उंच धरायचा, पाणी कुठून वळवायचं, ताल कुठे घालायची, हे हाताला माहीत असावं लागतं. पिनांग-सिंगापूरकडचे बहुतेक चिनी फुकियन आणि क्वांगतुंग प्रांतांतले. तोही मुलूख डोंगराचा आणि धो धो पावसाचा. ती विद्या घेऊन ही माणसं आली. बटाटा आणि भाजीपाला नीट कसा काढायचा, टोपल्या कशा विणायच्या, वेताचं काम कसं करायचं, हे त्यांनी इथल्या लोकांना दाखवलं. परक्या मुलखात येऊन तिथल्या मातीला काही देऊन जाणं ही लहान गोष्ट नाही.

ताई : मामा, 'आली' म्हणू नका. बेड्या घालून आणली. आणि तीही दुसऱ्यांदा.

मामा : दुसऱ्यांदा कशी?

ताई : पहिल्यांदा ते आपलं गाव सोडून पिनांगला नाहीतर सिंगापूरला गेले. तिथे नव्या माणसाला सिंकेह म्हणायचे. जहाजाचं भाडं दुसऱ्याने भरलेलं असायचं, आणि ते फिटेपर्यंत, साधारण वर्षभर, त्या सावकाराच्या नाहीतर मुकादमाच्या हाताखाली राबायचं. काथासारखा गंबियर, मिरी, कथलाच्या खाणी, अशी कामं. म्हणजे नव्या देशात पाऊल टाकलं तेच कर्जात. त्यातून काही जण गुन्ह्यात सापडले, आणि मग कंपनी सरकारने त्यांना समुद्र ओलांडून सह्याद्रीच्या माथ्यावर टाकलं. तुम्ही त्यांची विद्या बघता. मी विचारते, ती वापरायची की नाही हे ठरवायला ते मोकळे होते का?

मामा : तुरुंगात असताना नव्हते, मान्य. पण सुटल्यावर होते. तेव्हाही त्यांनी बागच केली.

ताई : आधी तुरुंगाचंच बोलू. महाबळेश्वरला आपण ज्या रस्त्यांनी एका पॉइंटवरून दुसऱ्यावर हिंडतो, ते रस्ते बव्हंशी कैद्यांच्या हातचे. शिवाय ते दरवर्षी आरारूट तयार करत. ते कुठे जायचं माहीत आहे? पुण्याला आणि मुंबईला, लष्कराच्या रसद खात्याकडे. आपल्या कॅम्पात गोरा शिपाई आजारी पडला की त्याच्या वाटीतली पेज या माणसांच्या हातची.

आरारूटचं नाव निघताच मामा खुलले. ते कसं करतात ते त्यांनी जितक्या आस्थेने सांगितलं तितक्याच आस्थेने मी लिहून घेतलं. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर चवर उगवते. हळदीच्या कुळातली, पांढरट फुलांच्या तुऱ्याची. तिचे कंद उकरायचे, माती निघेपर्यंत धुवायचे, किसायचे किंवा कुटायचे, पाण्यात कालवून फडक्यातून गाळायचे. पाणी निवळलं की तळाशी पांढरं सत्त्व बसतं. वरचं पाणी ओतून टाकायचं, नवं घालायचं, पुन्हा निवळू द्यायचं. कडसरपणा जाईपर्यंत हे चालू. मग उन्हात वाळवायचं. ढीगभर कंदांतून हाताला येते ती थोडीशी पूड.

ताई : आणि त्या पुडीचे पैसे?

मामा : ते सरकारचे. तुझं म्हणणं मी टाळत नाही. पण तू सारखी मालकाकडे बघतेस. मी हाताकडे बघतो. ज्याला कंद ओळखता येतो तो माणूस तुरुंगातही नुसता कैदी राहत नाही.

ताई : सरकारच्या कागदावर मात्र राहतो. आकडा म्हणून.

इथे ताईच्या बाजूने मला थोडी भर घालायची आहे. कैद्यांची ही ने-आण दुहेरी होती. हिंदुस्थानातले कैदी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पिनांगला आणि १८२५ पासून सिंगापूरला जात होते. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल १८५६ ते १८६१ या वर्षांत हिंदी कैद्यांनी बांधलं. म्हणजे आपली माणसं तिकडे विटा रचत होती आणि तिकडची माणसं इकडे घाट फोडत होती. यामागचा हिशेब स्वच्छ आहे. कैद्याला अशा ठिकाणी न्यायचं की जिथली भाषा त्याला येत नाही, जिथे नातेवाईक नाही, आणि पळालाच तर कुठल्या दिशेने पळायचं हे कळत नाही. मग भिंत फार उंच बांधावी लागत नाही. गिरमिटियांचं पहिलं जहाज कलकत्त्याहून मॉरिशसला लागलं तेही १८३४ मध्येच. त्यानंतरच्या काळात रत्नागिरी-सावंतवाडीकडचे मराठी मजूर मुंबई बंदरातून तिकडच्या उसाच्या मळ्यांवर गेले. ब्रिटिश वसाहतींत गुलामी मोडणारा कायदा अमलात आला तोही १८३४ मध्येच. मजूर तर हवेच होते. कुणी करारावर अंगठा घेऊन मिळवले, कुणी न्यायाधीशाच्या निकालाने.

मामा : मॉरिशसचं नाव काढलंस ते बरं झालं. तिथले मराठी लोक आजही गणपती बसवतात. मुळं तुटली तरी त्यांनी नवी धरली.

ताई : कारण तिथे कुटुंबं गेली. बायका गेल्या, म्हणून भाषा गेली, सण गेले. महाबळेश्वरला सगळे पुरुष, सगळे शिक्षेवर. जे मागे उरायला हवं होतं ते उरू नये अशीच ती व्यवस्था होती.

मामा : तरीही उरलं. आणि तू जरा इतरत्र बघ. तेच चिनी मजूर कॅलिफोर्नियाला गेले. सेंट्रल पॅसिफिकचा लोहमार्ग सिएरा नेवाडाच्या डोंगरातून त्यांनी काढला. १८६९ मध्ये रेल्वे पुरी झाली आणि १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. १८८५ च्या सप्टेंबरात वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्ज या खाणीच्या गावात गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी माणसं मारली, त्यांची घरं जाळली. आणि तेच वर्ष आपल्या गॅझेटियरचं! तिकडे घरं जळत होती त्याच वर्षी इकडे छापून आलं की ही माणसं प्रामाणिक होती, सगळे त्यांना मानत. हे आपल्या मातीचं श्रेय नाही का?

ताई : मला ते श्रेय द्यायला आवडलं असतं. पण इथे ते मूठभर होते. त्यांच्या भाजीला गिऱ्हाईक होतं. उन्हाळ्यात मुंबई सरकार महाबळेश्वरला, पावसाळ्यात पुण्याला, आणि साहेबाच्या टेबलावर कोबी, नवलकोल, बटाटा हवाच. ते कुणाच्या रोजगारावर आले नाहीत. कॅलिफोर्नियात आले, म्हणून तिथे ते नकोसे झाले. उपयोगी आहेस तोवर चांगला, याला मी मान म्हणत नाही.

मामा : मग काय म्हणशील?

ताई : सोय. आणि त्या अमेरिकेतल्या चिनी मजुरांनी १८६७ च्या जूनमध्ये संप केला होता हे विसरू नका. गोऱ्यांइतकी मजुरी द्या, कामाचे तास कमी करा, ही मागणी. कंपनीने अन्नाचा पुरवठा तोडला आणि आठवडाभरात संप मोडला. तरी केला ना? आपल्या बोरघाटात १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून रेल्वेच्या मजुरांनी दंगा केला. भर कामाच्या दिवसांत तिथे ४० हजारांवर माणसं होती. खंडाळ्याचा तो मजूर भुकेला असेल, कर्जात असेल, पण हातातली पहार खाली टाकू शकत होता. महाबळेश्वरच्या कैद्याने ती टाकली असती तर फटके बसले असते. कष्टाळू म्हणून ज्याची वाखाणणी करता, त्याला आळशी असण्याची मुभाच नव्हती.

यावर मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते मला या सगळ्या वादात सर्वांत मोलाचं वाटतं.

मामा : अगं, माणसाची इच्छा फक्त संपातच दिसते असं का धरून चालतेस? परवाना हातात पडला. आता रस्ता करायला कुणी नेत नाही. मुंबईला जाता येतं, बंदरावर हमाली मिळते, माझगाव-कामाठीपुऱ्याकडे पुढे चिनी वस्ती झालीच. पण हा माणूस दरीच्या तोंडाशी जातो, झरा बघतो, जमीन खणतो आणि बी टाकतो. बटाटा हाती यायला तीन-साडेतीन महिने लागतात. जो माणूस साडेतीन महिन्यांनंतरच्या दिवसाचा विचार करतो त्याने तिथे राहायचं ठरवलेलं असतं. हे ठरवणं सरकारने त्याच्याकडून करवून घेतलं नाही.

मी स्वतः इथे मामांच्या बाजूची आहे, पण ताईने रस्त्यांची आठवण करून दिल्यानंतरच. या माणसांची दोन वेगवेगळी कामं आहेत आणि गॅझेटियर ती एकाच स्तुतीत मिसळून टाकतं. रस्ता आणि आरारूट ही वेठ होती. बाग ही त्यांची स्वतःची. पहिल्या कामावर सरकारचा हक्क होता म्हणून त्याची नोंद झाली. दुसऱ्या कामाचं श्रेय मात्र 'आमच्या कैद्यांनी लोकांना शिकवलं' असं म्हणत त्याच सरकारने आपल्या खात्यात जमा केलं. ज्याने कोंडलं त्याच्याच हातची ही शिफारस आहे. तिच्यावर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही; ती माणसं प्रामाणिक असतीलच. पण ती वाचताना लेखणी कुणाच्या हातात आहे हे ध्यानात ठेवावं लागतं.

महाबळेश्वरच्या पॉइंटांची नावं बघितली तरी हे कळतं. लॉडविक, एल्फिन्स्टन, आर्थर मॅलेटच्या नावाचं आर्थर सीट, गव्हर्नर माल्कमच्या मुलीच्या नावाचं केट्स पॉइंट. साहेबाच्या लेकीलासुद्धा तिचं नाव मिळालं. आणि धबधब्यांत एक धोबी, एक चायनामन. कपडे धुणारा कुणीतरी, भाजी लावणारा कुणीतरी.

मद्रास इलाख्यात तर याहून वेगळं घडलं. तिकडेही असेच चिनी कैदी आले होते. निलगिरीत नडुवट्टमला सिंकोनाच्या मळ्यांच्या आसपास त्यांपैकी काही स्थायिक झाले, तमिळ बायकांशी संसार केले, भाजी आणि कॉफी लावली, गाई पाळल्या. मद्रासच्या संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांनी दक्षिणेतल्या जातिजमातींवरच्या १९०९ च्या आपल्या ग्रंथात त्या कुटुंबांची नोंद केली, पण कशी? नाकाडोळ्यांची मापं घेऊन, मिश्र वंशाचा नमुना म्हणून. इथे महाबळेश्वरला नाव हरवलं, तिथे माणूस मोजपट्टीखाली आला.

ताईने यानंतर १९६२ काढलं. मला वाटलं होतं मामा ते टाळतील. टाळलं नाही.

ताई : तुम्ही म्हणता मातीने त्यांना स्वीकारलं. १९६२ च्या युद्धात काय झालं? चिनी वंशाची सुमारे तीन हजार माणसं पकडून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेली. आसामच्या चहाच्या मळ्यांत ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी काम केलं ते माकूमचे लोक त्यात होते. कित्येकांचा जन्म इथला, भाषा असमिया, चीन कधी पाहिलेला नाही. काहींची सुटका १९६७ मध्ये झाली. काहींना जहाजात घालून चीनला पाठवलं. सव्वाशे वर्षांचा घाम एका महिन्यात बिनकामाचा ठरला.

मामा : मी तेव्हा शाळेत होतो. पानशेतच्या पुराला वर्ष झालेलं. संरक्षण निधीला आम्ही खाऊचे पैसे दिले, आईने बांगडी दिली. अभिमान वाटायचा, आजही त्याची लाज वाटत नाही. पण देवळीचं नाव मी पन्नाशी उलटल्यावर वाचलं. ज्या दिवशी आईची बांगडी गेली त्याच सुमारास कुणाच्यातरी आईला पोरांसकट रेल्वेत बसवून छावणीत नेलं जात होतं, हे कळल्यावर मी फार अस्वस्थ झालो. तू म्हणतेस ते यात मला पटतं. भाजीवाल्याला शेजारी मानायला बाजार पुरतो, पण संकटात तेवढ्याने भागत नाही. कायद्याने आपलं म्हणावं लागतं.

ताई : तेच तर मी मघापासून म्हणते आहे.

मामा : नाही, तू मघापासून म्हणते आहेस की शेजाऱ्यांचा मान खोटा होता. तो खोटा नव्हता. अपुरा होता.

ताईने याला उत्तर दिलं नाही आणि मला वाटतं, ते तिला पटलं. त्या अपुऱ्या मानातही काही टिकून राहिलं. मुंबईत माझगावला नवाब टँकजवळ चिनी लोकांचं देऊळ आहे, १९१९ च्या सुमाराचं. चीनच्या सी यिप भागातून आलेल्या खलाशांनी आणि कारागिरांनी ते उभारलं. १९६२ नंतर तिथली वस्ती पांगली, तरी मोजकी कुटुंबं राहिली आणि देवाला उदबत्ती लागत राहिली. कलकत्त्यात हक्का चिनी चामडं कमावत आणि जोडे शिवत, कँटनकडचे लोक सुतारकी करत, हूपेचे लोक दात बसवत. ही कामं त्यांनी निवडली कारण इथल्या जातींनी त्यांतली काही विटाळाची म्हणून दूर ठेवलेली होती. तिथल्या टांग्राच्या चामड्याच्या कारखान्यांत जागा मिळाली ती आपल्या शिवाशिवीने रिकामी सोडलेली. मातीच्या औदार्याचं बोलताना हेही बोललं पाहिजे, असं मी मामांना म्हणाले. मामांनी मान हलवली.

शेवटी गोष्ट फलकावर आली. धबधब्यापाशी मराठीत चार ओळींचा फलक असावा, यावर दोघांचं एकमत. मजकुरावर नाही.

मामा : 'येथे चिनी बागाईतदारांच्या बागा होत्या. त्यांनी या भागात भाजीपाल्याची लागवड सुधारली.' बस. कैदी हा शब्द नको. सुटून वर्षानुवर्षं इमानाने जगलेल्या माणसाला मेल्यावर पुन्हा कैदी कशाला म्हणायचं? आपल्या घरातल्या कुणाबद्दल आपण असं लिहिलं असतं का?

ताई : कैदी वगळलं तर कोंडणाराही वगळला जातो. वाचणाऱ्याला वाटेल, हवा आवडली म्हणून आले. आधी तुरुंग लिहा, सालासकट. १८३४ ते १८६४. त्यांनी केलेले रस्ते लिहा. मग बाग. रस्ता आणि बाग एका ओळीत नकोत.

मामा : आणि त्यांच्या बायका?

ताईने मान वर केली. हे तिच्याही मनात आलं नव्हतं.

मामा : गॅझेटियर म्हणतं ना, बायकामुलांना मागे ठेवून गेले. पिनांगहून कैद्यांबरोबर बायका थोड्याच आल्या होत्या? त्या इथल्याच असणार. सुटलेल्या परदेशी कैद्याशी संसार मांडायचा म्हणजे भावकीने तोंड फिरवलेलंच. त्या संसारात वाफ्यावर कोण वाकत असेल, भाजीची पाटी डोक्यावर घेऊन पेठेत कोण जात असेल, मुलांना मराठी कुणी शिकवली असेल? लागवड मी आयुष्यभर शिकवली. एकट्या पुरुषाच्या हाताने भाजीचा मळा चालत नाही. खुरपणी, काढणी, निवडणी, विक्री, सगळ्याला घरचं माणूस लागतं. ती नसती तर परवाना मिळून वर्षभरात तो माणूस डोंगर उतरून गेला असता.

ताई : मग तुमचा 'बागाईतदार' चालेल मला. पण अनेकवचनात, आणि त्यात त्या बायका धरून. आणि कैदी राहील.

मामा : पहिल्या ओळीत नको.

ताई : पहिल्याच ओळीत.